डबा उघडण्याआधी : माजी सैनिकांवर पोषक पावडरीची चाचणी, एक प्रकरण

(गाव, संघटना, कंपनी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील आणि काही आकडे बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि चुका तशाच ठेवल्या आहेत.)

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात पलटणीत कुणीच गेलेलं नाही असं गाव शोधावं लागतं. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं तर नावच सैनिक टाकळी. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस बहुधा पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. हुद्दा काहीही असो, गावात तो ‘मेजर’ होतो. मग शेती, आणि जोडीला बँकेत किंवा साखर कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षकाची नोकरी, तीही बरेचदा रात्रपाळीची. साठीला पोचेपर्यंत मधुमेह, रक्तदाब, झिजलेले गुडघे आणि ‘अंगात काही राहिलं न्हाई’ ही तक्रार, एवढं सगळं एका घरात नांदत असतं. औषधं ईसीएचएसकडून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेकडून, मिळतात. ही योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. शिवाय गावातला डॉक्टर, मेडिकलवाला आणि पुण्यातला मुलगा असे तीन पुरवठादार वेगळेच.

अशाच एका तालुक्यातल्या माजी सैनिक संघटनेकडे पोषक पावडर बनवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी आला. प्रस्ताव सोपा होता. जुनाट आजार असलेल्या सभासदांना बारा आठवडे पावडर फुकट, आणि बदल्यात प्रत्येकानं अनुभव लिहून द्यायचा. फोटो गणवेशात, पदकांसह. संघटनेच्या अध्यक्षांनी, ते निवृत्त सुभेदार मेजर, पहिल्याच बैठकीत मजकूर वाचून दाखवला. बैठक संपायच्या आत चाळीस सह्या झाल्या.

थांबवलं ते संघटनेच्या खजिनदारांनी. ते आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते. त्यांचा प्रश्न एवढाच होता : ‘हे औषध आहे का खाणं? औषध असंल तर डॉक्टर कुठाय, आणि खाणं असंल तर सही कशाला?’ त्यातून एका वैद्यकीय महाविद्यालयातले मेडिसिनचे प्राध्यापक, एक आहारतज्ज्ञ आणि एक फार्मासिस्ट या प्रकरणात आले.

अडचण नेमकी काय होती

डब्यावरचं लेबल आधी वाचलं गेलं. ३० ग्रॅमच्या एका मापात १२ ग्रॅम प्रथिनं, १३ ग्रॅम कर्बोदकं, २० मिलिग्रॅम कोएन्झाइम क्यू-१० (पेशींना ऊर्जा तयार करायला मदत करणारा घटक), १ मायक्रोग्रॅम बी-१२, थोडं ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पोटॅशियम. पुढच्या बाजूला ठळक ‘साखर नाही’. मागच्या बाजूला घटकांत दुसऱ्या क्रमांकावर माल्टोडेक्स्ट्रिन. हे साखरेच्या व्याख्येत बसत नाही, पण रक्तातली साखर ग्लुकोजच्या जवळपास तेवढ्याच वेगानं वाढवतं.

प्रतिनिधीनं पुरावा म्हणून अमेरिकेतल्या एका अभ्यासाची प्रत दिली होती. १९९०-९१ च्या आखाती युद्धातून परतलेल्या अनेक अमेरिकी सैनिकांना थकवा, अंगदुखी, विसराळूपणा अशा लक्षणांचा जुनाट आजार जडला. कीटकनाशकं आणि रासायनिक हल्ल्यापासून बचावासाठी दिलेल्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या ही त्यामागची प्रमुख संशयित कारणं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा ४६ माजी सैनिकांना क्यू-१० दिलं गेलं. रोज १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या काही लक्षणांत फरक दिसला, ३०० मिलिग्रॅमला तो तसा दिसला नाही. अभ्यास खरा आहे. पण तो त्या युद्धातल्या त्या आजाराचा, आणि मात्रा या डब्याच्या पाचपट. कारखान्याच्या गेटवर रात्र काढणाऱ्या, मधुमेही, पासष्टीच्या मेजरबद्दल तो काहीच सांगत नाही.

बी-१२ चंही तसंच. रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम, पावडरीत १. निरोगी माणसाला हातभार म्हणून ठीक. पण मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेऊन बी-१२ उतरलेल्या माणसाला डॉक्टर जी मिकोबालामिनची, म्हणजे बी-१२ चीच, गोळी देतात ती बरेचदा १५०० मायक्रोग्रॅमची असते.

म्हणजे ‘पावडर चांगली का वाईट’ हा प्रश्नच चुकीचा होता. खरा प्रश्न असा : ज्यांच्या पोटात रोज सहा-सात गोळ्या जातात, त्यांच्यात या पावडरीनं काही बदललं, तर ते पावडरीमुळंच हे ओळखायचं कसं? आणि कुणाला ती मुळीच द्यायची नाही?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कंपनीचा : वाटा आणि विचारा. तो लगेच बाद झाला. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल, अध्यक्षांच्या देखत, सैनिक वाईट लिहिणार नाही.

दुसरा, आधी-नंतर मोजमाप. खजिनदारांचा कल इकडं होता, कारण खर्च कमी. अडचण अशी की माणूस चाचणीला नाव देतो ते त्रास जास्त असतो तेव्हा. काहीही न करता बारा आठवड्यांनी तो थोडा बरा असतोच. शिवाय कुणीतरी दर महिन्याला नाडी बघतंय म्हटल्यावर गोळ्याही वेळेवर घेतल्या जातात.

तिसरा, चिठ्ठ्या टाकून दोन गट, एकाला पावडर, दुसऱ्याला तशीच दिसणारी नकली पावडर, आणि कुणाला काय हे घेणाऱ्याला माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही. याला आंधळेपणा म्हणतात.

चौथा पर्याय आहारतज्ज्ञांनी मांडला. बारा ग्रॅम प्रथिनं म्हणजे दोन अंडी, किंवा मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे, किंवा म्हशीचं तीनशे मिली दूध. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या जिल्ह्यात तुलना खरं तर याच्याशी व्हायला हवी. मुद्दा बिनतोड आहे. पण अंडं आणि पावडर यांत आंधळेपणा ठेवता येत नाही, आणि दोन प्रश्न एका चाचणीत कोंबले की दोन्हींची उत्तरं अर्धवट येतात. हा पर्याय बाजूला ठेवला. नंतर त्याचीच हळहळ जास्त वाटली.

पाचवा, सरळ नाही म्हणणं. प्राध्यापकांचा पहिला सल्ला हाच होता. पण पावडर बाजारात होतीच आणि पाच-सहा सभासद ती विकत घेऊन खातही होते.

तिसरा पर्याय ठरला. मग गणित मांडलं. मुख्य मोजमाप सहा मिनिटांत चाललेलं अंतर. त्यात सुमारे ३० मीटरचा फरक पडला तरच तो माणसाला जाणवण्याजोगा मानतात. माणसामाणसातला अंतराचा फरक प्रमाण विचलनाच्या भाषेत ८० मीटर धरला, तर ८० टक्के खात्रीनं ३० मीटर पकडायला प्रत्येक गटात ११२ जण लागतात. नुसतं अंतर न घेता प्रत्येकाचा स्वतःच्या सुरुवातीपासूनचा बदल मोजला, तर विचलन ५० च्या आसपास येतं आणि संख्या ४४ वर उतरते. वीस टक्के गळती धरली तर ५५. म्हणजे एकूण ११०. संघटनेकडं नावं होती ६४.

इथं पहिला मोठा निर्णय झाला : याला ‘परिणाम सिद्ध करणारी चाचणी’ म्हणायचंच नाही. ‘अशी चाचणी इथं करता येते का’ हे पाहणारा प्राथमिक अभ्यास, असं कागदावर लिहिलं. कंपनीला ते रुचलं नाही.

कागदपत्रं आणि संमती

महाविद्यालयाच्या नैतिकता समितीकडे प्रस्ताव गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अन्नपदार्थ असला तरी माणसांवरची चाचणी म्हटल्यावर हे टळत नाही. समितीनं मधुमेह ‘बरा होतो का’ हे मोजमाप काढून टाकायला लावलं. पोषक पूरकाच्या लेबलवरच ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं, आणि मधुमेह-रक्तदाब बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ चा चमत्कारी उपचारांविरुद्धचा कायदा आड येतो. चाचणीची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत पहिला माणूस घेण्याआधी केली. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून ती मागाहून नोंद घेत नाही.

कंपनीशी करारात तीन गोष्टी घातल्या : निकाल कसाही असो, प्रसिद्ध होणार, सांकेतिक यादी (कुणाला खरी, कुणाला नकली) कंपनीला दिसणार नाही, गणवेशातले फोटो कुठंही वापरले जाणार नाहीत. इजा झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा, हेही लिहून घेतलं.

आधीच्या चाळीस सह्या फाडून टाकल्या. यावरून अध्यक्ष दुखावले. पण सुभेदार मेजर साहेब समोर बसलेले असताना निवृत्त नाईक ‘नको’ म्हणेल, ही अपेक्षाच चुकीची. नवीन पद्धत अशी : मराठी पत्रक घरी न्यायचं, किमान एक रात्र ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी एकेकट्यानं आत यायचं. आत संघटनेचा एकही पदाधिकारी नाही. सहीआधी तीन प्रश्न : तुम्हाला नकली पावडर मिळू शकते का? नेहमीच्या गोळ्या बंद करायच्या का? मधेच सोडलं तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाला बऱ्याच जणांचं उत्तर ‘नाव कटंल’ असं आलं. ते पुन्हा समजावलं. एवढं केल्यावर तिघांनी ‘नको’ म्हटलं. हे तिघे पहिल्या चाळिसात होते.

चाळणी : इथंच अर्धं काम झालं

नोव्हेंबरात, दिवाळीचा फराळ संपल्यावर, ६४ जणांची तपासणी झाली. सूचना एकच : घरातली प्रत्येक गोळी, पुडी, बाटली, काढा पिशवीत घालून आणा. तोंडी विचारलं की माणूस ‘शुगरची आन् बीपीची’ एवढंच सांगतो. पिशवी ओतली की खरं बाहेर येतं. एकाच मेटफॉर्मिनच्या दोन ब्रँडच्या पट्ट्या, दोन्ही चालू. सुनेनं आणलेली गुडघ्यांची पुडी, जिच्यावर घटकच नाहीत. ‘घेतलं की दुसऱ्या दिवशी गुण’ येणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता धरावी लागते. ती घेणाऱ्याची भूक आणि साखर दोन्ही वाढतात. आणि अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम तोडायची नसते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायची असते. हे पुष्कळांना माहीत नसतं.

रक्तात क्रिएटिनिन आणि त्यावरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, पोटॅशियम, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन, बी-१२, टीएसएच (थायरॉइडची तपासणी). गाळण्याची क्षमता ४५ च्या खाली, म्हणजे मूत्रपिंड बरंच मंदावलेलं, असे सहा जण निघाले; ते बाहेर. त्यांतल्या चौघांना ते माहीत नव्हतं, आणि गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या मात्र चालू होत्या. रक्त पातळ ठेवणारी असिनोकुमारॉल घेणारे तिघे. क्यू-१० ची रचना के जीवनसत्त्वाशी मिळतीजुळती असते आणि त्यानं या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून तेही बाहेर. आधीचं पूरक सोडायला तयार नसलेले पाच, गेल्या चार आठवड्यांत औषध बदललेले चार, हृदयविकारामुळं पाण्यावर बंधन असलेले दोन, आणि वर सांगितलेले तीन नकार. उरले ४१.

एकाचा टीएसएच अगदी खाली आणि टी-४ वर आला. थायरॉइड जास्त काम करतंय असं समजून गोळी सुरू होणारच होती. पिशवीत पायाच्या मुंग्यांसाठीची गोळी सापडली. तिच्यात बी-१२ सोबत ५ मिलिग्रॅम बायोटिन होतं. अनेक यंत्रांवरच्या हार्मोन तपासणीत बायोटिन ढवळाढवळ करतं : टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. गोळी तीन दिवस थांबवून पुन्हा रक्त घेतलं, दोन्ही आकडे ठीक. निदान दोन दिवस बायोटिन थांबवल्याशिवाय थायरॉइडचं रक्त द्यायचं नाही, एवढं त्या दिवसापासून फलकावर लिहिलं गेलं.

आता या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय. ६४ पैकी नऊ जणांचं बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली होतं, नऊही जण मेटफॉर्मिनवाले, आणि नऊही जण चाचणीत बसत होते. तसंच चाचणीत घेतलं तर पावडरीतल्या एका मायक्रोग्रॅमची परीक्षा होते, पण उपचार माहीत असून माणसाला बारा आठवडे तसंच ठेवणं होतं. उपचार करून लगेच घेतलं तर सुधारणा कशानं हे कळणार नाही. वगळलं तर ४१ चे ३२ होतात. ठरलं ते असं : उपचार आजच सुरू, आणि चाचणीची सुरुवातच आठ आठवडे पुढं, जानेवारीच्या मध्यावर. त्या आठ आठवड्यांत कुणालाच पावडर नाही.

जानेवारीत सगळे परत आले तेव्हा त्या नवांतले बरेच जण थकवा कमी झाला, मुंग्या कमी झाल्या असं आपणहून सांगत होते. वेदनाशामक थांबवलेल्या दोघांच्या पायांची सूज उतरली होती. एकाच्या दोन पट्ट्यांची एक झाल्यावर त्याचं रोजचं पोट बिघडणं थांबलं. एकही डबा अजून उघडला नव्हता. नोव्हेंबरातच वाटप झालं असतं, तर हे सगळं पावडरीच्या खात्यावर जमा झालं असतं, पदकांसह फोटो छापून.

प्रत्यक्ष चाचणी

नकली पावडरीनं डोकं खाल्लं. कंपनीनं पाठवलेला पहिला नमुना जवळजवळ निव्वळ माल्टोडेक्स्ट्रिन होता. मधुमेहींना रोज तीस ग्रॅम ते दिलं तर त्यांची साखर चढेल आणि शेजारी खरी पावडर आपोआप गुणकारी दिसेल. आहारतज्ज्ञांनी तो परत केला. इसबगोल घालून पाहिलं, दहा मिनिटांत पेल्यात खळ तयार. शेवटी कर्बोदकं दोन्हींत सारखी, १३ ग्रॅम, आणि उरलेलं वजन कोको नि खाण्याच्या सेल्युलोज पावडरीनं भरलं. खऱ्या पावडरीचा एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत शिसं, आर्सेनिक आणि प्रथिनांसाठी पाठवला. प्रथिनं नुसत्या नायट्रोजनवरून मोजली तर स्वस्त ग्लायसिन घालूनही आकडा फुगवता येतो, म्हणून अमिनो आम्लांची वेगळी तपासणी मागितली. ती ठीक आली.

मात्रेची वेळ संध्याकाळी पाच. सकाळ दोन कारणांनी गैरसोयीची : थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांना कॅल्शियमपासून चार तासांचं अंतर लागतं, आणि रात्रपाळीवाल्यांची ‘सकाळ’ दुपारी दोनला होते.

माप ही पुढची गंमत. डब्यातला चमचा सपाट भरला तर ३० ग्रॅम, पण सपाट भरतो कोण? शीग लावलेला चमचा काट्यावर ३८ ग्रॅम भरला. म्हणून चमच्यावर सुरी फिरवून दाखवली, आणि दर २८ दिवसांनी डबा परत आणून वजन केलं. ९०० ग्रॅममधले ८४० जायला हवेत, ६० उरायला. ज्यांच्या डब्यात काहीच उरलं नव्हतं त्यांच्याकडं चौकशी केल्यावर नातवंडं निघाली. कोको होता ना.

चालण्याच्या चाचणीसाठी शाळेचा व्हरांडा घेतला. तीस मीटर टेपनं मोजले, दर तीन मीटरवर खूण, दोन्ही टोकांना शंकू. नियम साधा : आपल्या चालीनं सहा मिनिटांत जमेल तेवढं चाला. पण माजी सैनिकांना स्टॉपवॉच दाखवलं की ती शारीरिक क्षमतेची परीक्षाच होते. पहिल्या दिवशी दोघांना एकदम सोडलं, त्यांनी शर्यत लावली, आणि बाहेरून ‘दाब मेजर, दाब!’ सुरू झालं. दुसऱ्या दिवसापासून एका वेळी एक, दार बंद, आणि दर मिनिटाला छापील एकच वाक्य, त्याच आवाजात. मात्र पहिल्या बारा जणांची सरावाची फेरी राहून गेली. ही चाचणी दुसऱ्यांदा करताना माणूस नुसत्या सरावानंही जास्त चालतो. त्या बारा जणांचा शेवटचा आकडा त्यामुळं फुगलेला निघाला. सोबत मुठीची ताकद घेतली (आशियाई निकषानुसार पुरुषांत २८ किलोच्या खाली ती कमी मानतात) आणि हात न टेकता पाच वेळा खुर्चीतून उठायला लागणारा वेळ.

सहाव्या आठवड्यात एक प्रसंग घडला. कारखान्याच्या गेटवर ड्यूटी असलेल्या एकानं पाचला पावडर घेतली. पोट भरल्यासारखं वाटलं म्हणून भाकरी डब्यातच राहिली. साखर पाडणारी रात्रीची गोळी, ग्लिमेपिराइड, मात्र शिस्तीत घेतली. साडेनऊला घाम, हात थरथरले. सोबत्याकडं ग्लुकोमीटर होता, आकडा ५८, म्हणजे साखर फार खाली. तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी, मग भाकरी. निभावलं. त्याला खरी मिळतेय का नकली, हे उघडून पाहावं का, यावर रात्रीच फोनवर चर्चा झाली. प्राध्यापकांनी नको म्हटलं : उपचार दोन्हींत तोच, मग गुपित फोडून मिळवायचं काय? बरोबर निर्णय. समितीला चोवीस तासांत कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या डब्यांवर कागद चिकटला : ‘हे जेवण नाही. जेवण चुकवलं तर गोळीबद्दल आधी विचारा.’ हा कागद पहिल्या दिवशीच हवा होता.

निकाल

४१ पैकी ३४ जणांनी बारा आठवडे पूर्ण केले, प्रत्येक गटात सतरा. तिघांनी पोट फुगतं म्हणून सोडलं, दोघे मुलांकडं पुण्याला गेले, एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, एकानं दुसरीच पावडर सुरू केली.

दोन्ही गट सुरुवातीपेक्षा जास्त चालले. ऊसतोडीचा हंगाम होता, शेतावर फेऱ्या वाढल्या होत्या, त्याचाही यात वाटा असणार. दोन गटांमधला फरक किरकोळ. सतरा-सतरा जणांत, विचलन ५० धरलं तर, अनिश्चितताच दोन्ही बाजूंना सुमारे ३५ मीटर येते. तेवढ्यात तो फरक बुडून गेला. पावडरीचा उपयोग झाला असं म्हणता येत नाही, आणि झालाच नाही असंही म्हणता येत नाही. मुठीची ताकद आणि खुर्चीतून उठण्याचा वेळ यांचंही तेच.

थकव्याच्या प्रश्नावलीत मात्र खऱ्या पावडरीचा गट पुढं होता. कंपनीनं नेमकं हेच उचललं. पण शेवटच्या दिवशी प्रत्येकाला ‘तुम्हाला कुठली मिळाली असं वाटतं?’ असं विचारलं होतं, आणि बहुतेकांनी अचूक ओळखलं. कारण साधं होतं. खरी पावडर हलवली की फेस येतो, सेल्युलोजची तळाशी बसते. त्यात डब्यांवर फक्त ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोनच अक्षरं टाकलेली. एकानं ‘ब म्हंजे माती हाय’ म्हटलं की सगळ्या ‘ब’वाल्यांना कळलं. व्हरांड्यात शंकू कुणालाही पाहून हलत नाहीत. ‘थकवा किती’ या प्रश्नाचं उत्तर मात्र आपल्याला खरी मिळाली हे कळल्यावर बदलतं. म्हणून अहवालात थकव्याचा आकडा दिला, आणि त्याच परिच्छेदात गुपित फुटल्याचंही दिलं.

संघटनेनं अनुभवपत्रं दिली नाहीत. कंपनीनं पुढच्या टप्प्याचे पैसे दिले नाहीत. खजिनदारांनी दर तीन महिन्यांनी ‘पिशवी तपासणी’ सुरू केली. फार्मासिस्ट येतो, टेबलावर पिशव्या ओतल्या जातात.

पुन्हा करायचं झालं तर

प्रत्येक डब्याला स्वतंत्र क्रमांक हवा, यादी फक्त फार्मासिस्टकडं. एकाला उलगडलं तरी बाकीच्यांचं गुपित शाबूत राहतं. पावडर पारदर्शक पेल्यात नाही, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात घोळवायची. आणि चाचणीआधी, सहभागी नसलेल्या दहा जणांना दोन्ही पेले देऊन ओळखता येतात का पाहायचं. ओळखता आले तर पावडर बदलेपर्यंत सुरुवात नाही. या एका दुपारच्या कामानं थकव्याचा निकाल वाया जाण्यापासून वाचला असता.

सरावाची फेरी सगळ्यांना. वाटप संघटनेच्या हॉलमध्ये एकत्र न करता वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे पेल्यांची तुलना होणार नाही. ग्लिमेपिराइडसारखी साखर पाडणारी औषधं घेणाऱ्यांची यादी वेगळी, आणि पहिल्या पंधरवड्यात त्यांना दोनदा फोन.

संख्येबद्दल मतभेद राहिले. प्राध्यापकांच्या मते शेजारच्या दोन तालुक्यांच्या संघटना जोडून ११० ची भरती केल्याशिवाय पुन्हा हात घालू नये. आहारतज्ज्ञांचं म्हणणं वेगळं : तेवढी माणसं जमणार असतील तर त्यांच्यावर पावडर का तपासायची, शेंगदाणे आणि अंडी का नाहीत? आंधळेपणा ठेवता येत नसला तरी चालण्याचं अंतर मोजणाऱ्याला गट माहीत नसणं पुरेसं आहे, असा त्यांचा मुद्दा. तो मसुदा त्यांनी लिहून दिला आहे : रोज ५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, संध्याकाळी पाचला, पुडी मोजून. गाळण्याची क्षमता ४५ च्या खाली असलेल्यांना इथंही प्रवेश नाही. पैसे कोण देणार, हा रकाना अजून कोरा आहे.